मैदान माणसांचें, मिळकत पैजेची

एखाद्या देशांतील लोक कोणती करमणूक करितात एवढेंच पाहून त्या देशाची पारख होत नाहीं. त्या करमणुकीचा खर्च कोणाच्या खिशांतून निघतो आणि नफा कोणाच्या पेटींत पडतो, हें पाहिलें म्हणजे तेथील कायद्याची व नीतीची खरी परीक्षा होते. लंडन शहराच्या पश्चिम भागांत, शेफर्ड्स बुश येथें, ‘व्हाइट सिटी’ नांवाचें विस्तीर्ण क्रीडांगण १९०८ पासून १९८५ पर्यंत उभें होतें. त्याचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. इंग्लंडांतील कुत्र्यांच्या शर्यतींशीं आम्हांस काय कर्तव्य, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, विषय वरवर कुत्र्यांचा दिसला तरी मूळ प्रश्न मजुराच्या आठवड्याच्या पगाराचा आहे. आणि तो प्रश्न लंडनचा तसाच मुंबईचाही आहे.

१९०८ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांनीं मिळून तेथें मोठें प्रदर्शन भरविलें. इमारतींस पांढरा रंग दिला होता, त्यावरून त्या जागेस ‘व्हाइट सिटी’ अर्थात् शुभ्र नगरी हें नांव पडलें. प्रदर्शनाचा मुख्य चौक हिंदी शिल्पाच्या धर्तीवर बांधला होता. आमच्या कमानी व आमच्या जाळ्या साम्राज्याच्या शोभेस चालत होत्या. आमची राजकीय मागणी मात्र चालत नव्हती! प्रदर्शनाला लागूनच ऑलिंपिक सामन्यांसाठीं सुमारें ६८,००० प्रेक्षकांचें क्रीडांगण उठविलें. त्यांत तीन फेऱ्यांत एक मैल भरेल अशी धांवपट्टी, सायकलस्वारांचा निराळा मार्ग, आणि मध्यभागीं पोहण्यासाठीं शंभर मीटर लांबीचा हौद होता. २४ जुलै १९०८ रोजीं मॅरेथॉन शर्यतीचा शेवट याच मैदानांत झाला. इटलीचा डोरँडो पिएत्री सर्वांच्या पुढें येऊन पोंचला, पण शेवटच्या फेरींत पुनःपुन्हां कोसळला. अधिकाऱ्यांनीं त्यास हात देऊन उठविलें, म्हणून पहिलें बक्षीस त्याच्या हातून गेलें व तें अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालें. महाराष्ट्रास तो आठवडा निराळ्या कारणानें स्मरतो. त्याच्या आधीं दोनच दिवस, २२ जुलैच्या रात्रीं, मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळकांस सहा वर्षें हद्दपारीची शिक्षा सांगण्यांत आली होती. असो. मैदानाचा आरंभ असा मनुष्याच्या छातीच्या दमानें झाला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

सामने संपले आणि एवढ्या मोठ्या वास्तूचें करावयाचें काय, हा प्रश्न उभा राहिला. कित्येक वर्षें ती जवळजवळ ओसाड पडून होती. तिचा उद्धार अखेर झाला तो एका खोट्या सशानें! ग्रेहौंड जातीच्या कुत्र्यांस जिवंत सशामागें सोडण्याची चाल इंग्लंडांत जुनीच होती. पण तिला मोकळें रान लागे, आणि ससा मारला जाई. अमेरिकेंत ओवेन पॅट्रिक स्मिथ या गृहस्थानें रुळावरून यंत्रानें पळणारा कृत्रिम ससा सिद्ध केला व १९१९ सालीं कॅलिफोर्नियांतील एमरिव्हिल येथें त्याच्यामागें कुत्रे धांवविले. चार्ल्स मन् नामक अमेरिकनानें ही युक्ति इंग्लंडांत आणिली. ब्रिगेडियर जनरल क्रिचली प्रभृति मंडळी त्यास मिळाली व कंपनी उभी राहिली. २४ जुलै १९२६ रोजीं, म्हणजे डोरँडो कोसळल्यास बरोबर अठरा वर्षें झालीं त्या दिवशीं, मँचेस्टर येथें बेल व्ह्यू मैदानावर पहिली शर्यत झाली. पहिल्या रात्रीं दोन हजार माणसेंसुद्धां नव्हतीं, पण थोड्याच आठवड्यांत तेथें पाय ठेवावयास जागा मिळेना. २० जून १९२७ रोजीं व्हाइट सिटीचे दरवाजे कुत्र्यांसाठीं उघडले, आणि त्याच वर्षीं ग्रेहौंडांची ‘डर्बी’ तेथें सुरू झाली.

लोक इतके कां लोटले? ‘जनता व्यसनी आहे’ एवढें म्हणून या प्रश्नाचा निकाल लावणारे सुधारक पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले नाहीं. घोड्यांच्या शर्यती दिवसा, कामाच्या वेळीं आणि बहुधा शहरापासून दूर होत. कारखान्यांतील मजुरास तेथें जाणें परवडत नसे. तो आपल्या गल्लींत दोन शिलिंग लावील, तर १९०६ च्या कायद्यानें रस्त्यावरची पैज गुन्हा ठरविली होती. उलट ज्याची बुकमेकरकडे उधारीची खातेवही उघडी, तो श्रीमंत गृहस्थ घरबसल्या चिठ्ठी पाठवून वाटेल तेवढी रक्कम लावूं शके, आणि पोलिसाचा हात त्यास लागत नसे. एकच कृत्य, दिवाणखान्यांत झालें तर शोक, गल्लींत झालें तर अपराध! असा पंक्तिप्रपंच जो कायदा करितो, त्यास लोक मनांतून कायदा मानीत नाहींत. अशा स्थितींत संध्याकाळच्या वेळीं, विजेच्या दिव्यांच्या झगमगाटांत, घराच्या जवळ, थोडक्या पैशांत, बायकोसुद्धां बरोबर नेतां येईल असें स्थळ मिळाल्यावर मजूर तिकडे धांवला, यांत नवल कसलें? आमच्या मुंबई इलाख्याचा कायदाही याच सांच्यांत ओतलेला आहे. १८८७ चा जुगार-प्रतिबंधक कायदा गल्लींतील फडावर धाड घालतो. परंतु १९१२ च्या कायद्यान्वयें परवाना मिळालेल्या रेसकोर्सच्या कुंपणाआड घोड्यावर लावलेला पैसा त्याच्या व्याख्येंतून सुटतो.

इतकें न्यायानें कबूल केल्यावर दुसरी बाजू सांगणें आम्हांस प्राप्त आहे. कुत्र्यांची शर्यत सुमारें अर्ध्या मिनिटांत संपते. एका रात्रींत आठ शर्यती धरल्या, तर प्रत्यक्ष खेळ झाला चार मिनिटांचा. मग बाकीचा वेळ लोक तेथें काय करीत होते? आंकडेमोड करीत होते, रांगेंत उभे होते, खिसे चांचपीत होते. टोटलायझेटर नांवाचें यंत्र सर्वांचा पैसा एका राशींत जमवितें, त्यांतून मालकाचा ठराविक हिस्सा आधीं काढून घेतें, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांस वांटतें. आमच्या व्यापारी वाचकांस याचा हिशेब समजावून सांगावयास नको. ज्या राशींतून प्रत्येक फेरींत कांहीं टक्के बाहेर पडतात, ती रास फिरतां फिरतां आटलीच पाहिजे. एखाद्या रात्रीं एखादा जिंकेल. वर्षाअखेर पेढी तेवढी जिंकते. पार्लमेंटनें १९२८ सालीं हें यंत्र घोड्यांच्या शर्यतींस मोकळें केलें. कुत्र्यांची मैदानें परवानगीच्या यादींत नव्हतीं. तेथील यंत्रें न्यायालयांत बेकायदा ठरलीं, आणि १९३४ च्या कायद्यानें तीं अटींवर पुन्हां चालूं झालीं. त्याच १९२८ सालीं जॉन बुकन यांनीं अशीं मैदानें हवींत कीं नकोत हें त्या त्या गांवानें ठरवावें, अशा आशयाचें बिल आणिलें होतें. तें पास झालें नाहीं. पुढें १९४७ सालीं मजूर पक्षाच्या सरकारनें कुत्र्यांच्या टोटलायझेटरवर शेंकडा दहा कर बसविला; घोड्यांचा मात्र वगळला. गरिबाच्या करमणुकीवर तेवढा कर, ही परंपरा मजूर मंत्रिमंडळासही मोडवली नाहीं.

या मैदानाला वैभवाचे दिवस आले नाहींत असें नाहीं. आयर्लंडांत एका धर्मगुरूच्या घरीं वाढलेला ‘मिक द मिलर’ हा कुत्रा १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें तेथील डर्बी जिंकला. ५२५ यार्डांचें अंतर त्यानें तीस सेकंदांच्या आंत तोडलें. त्याच्यावर लोकांचा इतका जीव जडला कीं, १९३९ सालीं तो मेल्यावर त्याचें कातडें भरून संग्रहालयांत ठेवण्यांत आलें. १९३४ सालीं साम्राज्यांतील देशांचे सामने भरले. त्यांत हिंदुस्थानानें प्रथमच भाग घेतला, आणि धांवण्याच्या शर्यती याच मैदानावर झाल्या. १९३९ च्या डर्बीला ९२,००० प्रेक्षक हजर होते. परंतु ज्याच्या पैशावर घर चालतें, तोच घरांत हुकूम करूं लागतो, या न्यायानें खेळाचें स्थान हळूहळू खालीं गेलें. १९६६ ची गोष्ट पाहा. फुटबॉलचे जागतिक सामने इंग्लंडांत भरले होते. उरुग्वे व फ्रान्स यांचा सामना वेंब्ले मैदानावर व्हावयाचा. पण त्या शुक्रवारीं तेथें कुत्र्यांच्या शर्यतींचा नेहमींचा वार होता, आणि तो सोडण्यास मालक तयार नव्हता. अखेर दोन राष्ट्रांच्या संघांना वेंब्ले सोडून व्हाइट सिटीस जावें लागलें. साऱ्या जगाचा खेळ एकीकडे आणि एका संध्याकाळचा गल्ला दुसरीकडे. पारडें कोणतें जड झालें हें सांगावयास नकोच.

पण पैजेस मैदानाची ममता नसते. १९६० च्या कायद्यानें इंग्लंडांत पैजेचीं दुकानें कायदेशीर झालीं, आणि १९६१ पासून तीं गल्लोगल्लीं उघडलीं. पैसा लावण्यास मैदानापर्यंत जाण्याची गरज उरली नाहीं. बांकें ओस पडूं लागलीं. १९६७ पासून तर बुकमेकरांनीं दुपारच्या शर्यतींची निराळी व्यवस्था केली. या शर्यती प्रेक्षकांसाठीं नव्हत्याच. दुकानांतील गिऱ्हाइकांस दुपारीं पैसा लावण्यास निमित्त हवें, म्हणून रिकाम्या बांकांपुढें कुत्रे धांवूं लागले! खेळाचा प्राण गेला आणि यंत्र तेवढें चालूं राहिलें, याचें याहून स्पष्ट चित्र आम्हांस ठाऊक नाहीं. २२ सप्टेंबर १९८४ रोजीं व्हाइट सिटीवर शेवटची शर्यत झाली, पुढील वर्षीं मैदान पाडलें, आणि त्या भूमीवर बीबीसीच्या इमारती उठल्या. १९०८ ची शर्यत जेथें संपली, ती रेषा तेथें फरसबंदींत खूण करून दाखविली आहे. एवढेंच काय तें उरलें. डर्बी विंबल्डनला गेली. तें मैदान २०१७ सालीं मिटलें. वॉल्थमस्टो २००८ सालीं, ज्या बेल व्ह्यूवर सर्व आरंभ झाला तें २०२० सालीं, आणि क्रेफर्ड २०२५ च्या जानेवारींत बंद झालें.

मुक्या प्राण्यांचें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. ग्रेहौंड बारा-चौदा वर्षें जगतो. शर्यतींत त्याचा उपयोग दोन-चार वर्षांचा. वळणावर पाय मोडला, किंवा वेळ सेकंदाच्या कांहीं अंशांनीं वाढली, कीं तो मालकाच्या वहींत खर्चाच्या बाजूस जातो. २००६ सालीं इंग्लंडच्या उत्तर भागांतील सीहॅम येथें असे हजारों कुत्रे वर्षानुवर्षें मारून पुरले गेल्याचा वृत्तांत एका वर्तमानपत्रानें प्रसिद्ध केला. देश हळहळला. खटलाही झाला, पण तो कशाबद्दल? परवान्यावांचून टाकाऊ माल जमिनींत पुरल्याबद्दल! ज्याच्यावर काल टाळ्या पडल्या, तो आज कायद्याच्या दृष्टीनें केरकचरा ठरला. कायद्याचें अध्ययन केलेल्या माणसास मान खालीं घालावी लागेल, असा हा प्रसंग आहे. पुढें लोकमत फिरलें. अमेरिकेंतील फ्लोरिडाच्या मतदारांनीं २०१८ सालीं या शर्यती बंद करण्याचा कौल दिला. न्यूझीलंडच्या सरकारनें २०२४ च्या डिसेंबरांत व वेल्सच्या सरकारनें २०२५ च्या फेब्रुवारींत त्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

सगळा जुगार बंदीनें नाहींसा होईल, या भ्रमांत आम्ही नाहीं. १९०६ च्या बंदीनें गल्लींतली पैज थांबली नाहीं. ती केवळ गरिबाला तुरुंगाची वाट दाखविती झाली. आमच्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो आम्हांस योग्य वाटतो. कारण मैदानाला निदान कुंपण होतें आणि शर्यतींची रात्र केव्हां तरी संपत असे. हातांतल्या फोनला कुंपणही नाहीं आणि रात्रही नाहीं. पण महालक्ष्मीच्या कुंपणाआड एक न्याय आणि चाळींतल्या मजुरास दुसरा, हा जुना भेद जोंपर्यंत कायम आहे, तोंपर्यंत कोणत्याही बंदीस नैतिक बळ येणार नाहीं. त्याचबरोबर, ज्याला मजुराच्या पोरांचें हित खरोखर हवें आहे त्यानें त्यास मैदान, तालीम, वाचनालय आणि संध्याकाळची मोकळी हवा स्वस्तांत मिळवून द्यावी. नुसता उपदेश ऐकून कोणी घरीं बसत नाहीं.

आणि आमच्या नगरपालिकांस एवढेंच सांगणें आहे कीं, मैदान बांधतांना त्याचा रोजचा खर्च कशांतून निघणार, हें पहिल्या दिवशींच ठरवावें. तो कराच्या पैशांतून निघो, लोकवर्गणींतून निघो, प्रसंगीं थोडा तोटाही येवो. त्यांत कमीपणा नाहीं. पैजेच्या पैशांतून तो काढण्याचा मोह मात्र धरूं नये. व्हाइट सिटीनें तो मोह धरला, सत्तावन्न वर्षें त्यावर काढलीं, आणि शेवटीं त्या धंद्यानें ना माणूस राखला, ना कुत्रा, ना मैदान.