टॉम नेअर्न आणि स्कॉटलंडचा प्रश्न

ब्रिटन म्हणजे इंग्लंड, असे आपण सर्रास धरून चालतो. पण ब्रिटनच्या उत्तर भागात स्कॉटलंड हा निराळा देश आहे. १७०७ साली त्याची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली. कायदा, चर्च आणि शिक्षण तेवढे स्वतःचे राहिले. हा देश स्वतंत्र व्हावा, असे ठामपणे मांडणारे विचारवंत म्हणजे टॉम नेअर्न (१९३२-२०२३).

नेअर्न मार्क्सवादी होते. १९६८ साली लंडनच्या हॉर्नसी कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले, त्यात त्यांची बाजू घेतली म्हणून त्यांची नोकरी गेली. प्रारंभी ते राष्ट्रवाद्यांच्या चौकड्यांच्या पोशाखाची आणि जुन्या शौर्यकथांची टरच उडवीत. परंतु कामगारांना देश नसतो म्हणणारा मार्क्सवाद राष्ट्रवादाचे कोडे सोडवू शकला नाही, हेही त्यांनी सांगून टाकले.

१९७७ च्या ‘द ब्रेक-अप ऑफ ब्रिटन’ या ग्रंथात त्यांनी राष्ट्रवादाला दोन तोंडांच्या रोमन देवाची, जेनसची, उपमा दिली. भांडवलशाही सर्वांना सारखी पुढे नेत नाही. मागे पडलेल्या समाजाजवळ भांडवल नसते. असतात माणसे, भाषा, आठवणी. पुढे उडी घेण्यासाठी तो मागे वळून पाहतो. त्यातून मुक्ती येते, तसा द्वेषही येतो.

मग स्कॉटलंड इतका उशिरा का जागा झाला? कारण साम्राज्याच्या लुटीत त्याचाही वाटा होता. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि माल्कम स्कॉटिशच! साम्राज्य बुडाले, कारखाने बंद पडू लागले, उत्तर समुद्रात तेल सापडले, तेव्हा लंडनशी संसार कशासाठी, हा प्रश्न उभा राहिला.

१९७९ साली स्वतंत्र विधिमंडळासाठी सार्वमत झाले. ५१.६ टक्के मते बाजूने पडली. तरी विधिमंडळ मिळाले नाही! एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी ‘हो’ म्हटले पाहिजे, अशी अट लंडनने घातली होती. म्हणजे घरी बसलेला आणि यादीत नाव राहिलेला मयतसुद्धा विरोधात धरला गेला. ही कसली लोकशाही? पुढे १९९७ च्या सार्वमताने १९९९ मध्ये संसद मिळाली.

२०१४ च्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनीही मत दिले. स्वातंत्र्याला ४४.७ टक्के मिळाले आणि बाजू हरली. २०१६ मध्ये स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी युरोपीय संघात राहायचे ठरवले, तरी ब्रिटनबरोबर त्याला बाहेर पडावे लागले. नेअर्न यांचा मुद्दा रक्ताचा वा वंशाचा नव्हताच, निर्णय कोणी घ्यायचा याचा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला दुसरे सार्वमत घेता येणार नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी नेअर्न यांचे निधन झाले.