कोठ्यातल्या मांजरी (लेखांक ६) : अमरावतीच्या सिव्हिल सर्जनने मोजलेली मांजरं

आज कोठ्याचं दार उघडायचं होतं, गेल्या रविवारी तसं लिहिलंही होतं. पण नवरात्र अजून आटोपलेलं नाही. इथे कोराडीत जगदंबेच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रीघ पहाटे लागते ती मध्यरात्रीपर्यंत तुटत नाही. भोंगे चालू, गाड्यांचे हॉर्न चालू. अशा गलक्यात बुजऱ्या मांजरी बाहेर सोडल्या तर तलावाच्या अंगाला पळतील आणि परतीची वाट त्यांना सापडायची नाही. भुरी, टिपकी आणि काळी, कोठ्यासाठी आणलेल्या या तिघी मांजरी अजून आत, जाळीच्या खोलीतच आहेत. आज त्यांचा तिथला १९वा दिवस. गर्दी ओसरली की दार उघडू.

तोवर एका फोनबद्दल लिहितो. पाटणसावंगीकडच्या एका शेतकरी वाचकाचा होता. सोयाबीन घरात यायच्या बेतात आहे, कोठ्यात सरकी ढेपेची पोती आहेत आणि पोत्यांच्या तळाला भोकं पडलेली आहेत. म्हणाले, "मांजरी आणतो जी मी. पण खरं सांगा, त्यानं उंदरं जातात काय? का दूध पिऊन नुसत्या लोळतात?" माणसाच्या हाताला न येणारी मांजर कशी निवडावी, तिला कुठे ठेवावं, हे मी पाच आठवडे लिहितो आहे आणि हा पहिला प्रश्न तसाच राहून गेला. त्याला आजचा पूर्ण लेखांक देतो, कारण त्याच्या उत्तराची सुरुवात आपल्याच वऱ्हाडात झालेली आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत नागपूर-वऱ्हाडापर्यंत पोचला. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, असं पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं होतं. तरी ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षं गेली. तोवर लोक घरं सोडून वावरात झोपड्या टाकून राहत होते. त्या काळात अमरावतीला लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन हे सिव्हिल सर्जन होते. लाखोळीची डाळ खाऊन माणसांचे पाय लुळे पडतात, त्या आजारावरचा मध्य प्रांताचा अहवालही त्यांचाच. दुष्काळाच्या वर्षांत गावोगाव जाऊन लुळे झालेले लोक मोजणारा हा माणूस. प्लेग आला तेव्हा त्यांनी गावांतली मांजरं मोजायला घेतली.

मला हे फार थोर वाटतं. गावात घरं किती, मांजरं किती, प्लेगचे रोगी किती, एवढाच त्यांचा हिशोब होता. ज्या गावांत घरांच्या मानाने मांजरं भरपूर, तिथे प्लेग नाही किंवा अगदी थोडा. मांजरं तुरळक, तिथे जास्त, असं त्यांचं म्हणणं. १९०८ साली त्यांनी ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडलं. सरकारी खर्चाने उंदीर मारत बसण्यापेक्षा घरोघर मांजर पाळायला सांगा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते, असं आजी सांगायची. या एका समजुतीने किती मांजरांचे जीव वाचले असतील!

ब्यूकॅनन यांच्या आकड्यांवर मी मात्र आंधळा विश्वास ठेवत नाही. मांजरं जास्त असलेल्या गावात घरांची बांधणी वेगळी असू शकते, धान्य साठवायची रीत वेगळी असू शकते. नुसत्या मोजणीतून ते कळत नाही. शिवाय मांजरालाही प्लेग होतो. अमेरिकेत १९७७ पासून मांजरांमुळे माणसांना प्लेग झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा मांजर ही प्लेगवरची लस नव्हती. पण उंदीर आणि मांजर यांचा हिशोब घराघरांतून, गावागावांतून मांडायला हवा, हे त्यांना दिसलं होतं.

पाटणसावंगीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टन यांच्याकडे मिळालं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला धान्याचा दाणा न् दाणा वाचवायचा होता आणि एल्टन यांची संस्था उंदरांच्या मागे लागलेली होती. शेतावरच्या मांजरींवरचा त्यांचा लेख १९५३ साली आला. त्यांना असं आढळलं की उंदरांनी भरलेल्या कोठारात मांजर सोडून उंदीर संपत नाहीत. पण कोठार आधी रिकामं केलं आणि मग मांजरी ठेवल्या, तर बाहेरचे उंदीर पुन्हा आत ठाण मांडत नाहीत. हा पहारा इमारतीपासून साधारण ५० यार्डांपर्यंत चालतो. आणि मांजरींनी तिथेच टिकावं म्हणून त्यांना रोज दूध दिलेलं होतं.

त्या दुधाचा मुद्दा नीट लक्षात घ्या. उपाशी ठेवली की मांजर जास्त उंदीर धरते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. उपाशी मांजर दुसऱ्याच्या घरी जाते, एवढंच होतं. शिकार ती पोट भरलेलं असतानाही करते, तो तिचा स्वभाव आहे. दूधच द्यावं असं नाही. पुष्कळ मोठ्या मांजरींना ते पचत नाही. संध्याकाळी ठरल्या वेळी खाणं आणि चोवीस तास पाणी पुरे.

उलट बाजूही सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कचऱ्याच्या एका कारखान्यात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून ठेवले. मांजरी होत्या, उंदीर भरपूर होते. २०१८ साली निष्कर्ष आले तेव्हा मारलेले उंदीर निघाले २. तिथले उंदीर दांडगे, मांजर त्यांच्या वाटेला जायला कचरते. मात्र मांजरी फिरत असताना उंदीर उघड्यावर येणं टाळत होते. आपल्याकडची घूसही तशीच, अर्धा किलोपासून किलोभराच्या घरात जाते. घुशीसाठी मांजर आणू नका. घुशीची बिळं बुजवा, पाया पक्का करा. घरउंदीर आणि चिचुंद्रीएवढी उंदरं, हे मांजरीचं काम.

तेव्हा क्रम असा : आधी उंदीर कमी करा, मग मांजरी आणा. आणि कमी करायचे ते पिंजऱ्यांनी. विष टाकून नाही.

हे मी जड मनाने शिकलो. १२ वर्षांपूर्वी माझ्याकडे सोनी नावाची मांजर होती, कोठ्याच्या माळ्यावर राहायची, माझ्या हाताला कधी आली नाही. शेजारच्या एका वावरात उंदरांसाठी विषारी वड्या टाकल्या होत्या. ते विष रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त होऊन फिरतो, आणि सुस्त उंदीर मांजरीला आयताच सापडतो. तिसऱ्या दिवशी सोनी कुटाराच्या ढिगाशी बसलेली दिसली. मी जवळ गेलो तरी ती उठली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मी तिला उचललं. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. व्हिटॅमिन के-१ वेळेवर मिळालं तर अशी जनावरं वाचतात, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आता आजूबाजूच्या प्रत्येक वावरवाल्याशी बोलल्याशिवाय मी कोणाला मांजर घेऊ देत नाही.

उंदीर कमी झाले की नाहीत, हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी माती वापरतो. कोराडीत वीज केंद्राची राखड कुठेही मिळते, पोत बघाल तर ठसे उमटवायला याहून बारीक काही नाही. पण मांजर पंजे चाटते, तेव्हा ती कोठ्यात नको. शेतातली लाल माती वस्त्रगाळ करायची, भिंतीच्या कडेने हातभर रुंद पट्टा अंथरायचा, संध्याकाळी हाताने सपाट करायचा. सकाळी दिवा आडवा धरला की रात्रीचं सगळं लिहिलेलं सापडतं : पुढच्या पायांची चार बोटं, मागच्यांची पाच, मधे शेपटीची रेघ. मांजरी यायच्या आधी पट्ट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. पिंजरे लावल्यावर ठसे विरळ झाले. काल सकाळी उंदराची एकच रांग होती. ती दाराच्या फटीतून आत आलेली, वीतभर चाललेली आणि तिथूनच मागे वळलेली. पलीकडे, जाळीच्या खोलीत, भुरी फटीकडे तोंड करून बसलेली होती. डाव्या कानाचं कापलेलं टोक, नसबंदीची ती खूण, दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होतं. मला पाहून ती माळ्यावर चढली आणि दिसेनाशी झाली.

पाटणसावंगीच्या वाचकांनी मांजरींची घाई करू नये. सोयाबीन यायच्या आधी आठ दिवस कोठ्यात असा मातीचा पट्टा टाकावा आणि रोज सकाळी बघावा. ठसे कोणत्या कोपऱ्यातून येतात, शेपटीची रेघ किती जाड, ते मला फोनवर सांगा. घूस असेल तर आपल्याला गवंडी आधी लागेल. दाराचं पुढच्या रविवारी बघू, दसऱ्याचा गलका निवला तर.