'दोन बोटे पाणी' : संदिग्ध पाकप्रमाणांचा अर्थनिर्णय

पंक्तीसाठी लिहिलेली जुनी पाककृती चौघांपुरती करावयाची, तर सर्व प्रमाणांना एकाच भाजकाने भागावे, अशी सामान्य समजूत आहे. निश्चित मापांपुरती ती खरी आहे. पायली म्हणजे चार शेर व मापटे म्हणजे अर्धा शेर. तेव्हा पायलीभर तांदळाची कृती मापट्यावर आणणे म्हणजे अष्टमांश घेणे होय. मात्र येथील शेर मापी आहे. 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा, वजनी शेर नव्हे. परंतु त्याच मसालेभाताच्या कृतीत 'मीठ बेताने', 'तळ झाकेल इतके तेल', 'तांदळावर दोन बोटे पाणी' असे उल्लेख आढळतात. त्यांचा अष्टमांश कसा काढावा?

असे उल्लेख लेखिकेच्या हलगर्जीपणाचे द्योतक मानू नयेत. प्रत्येक माप कशाशी बांधलेले आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. मीठ जिभेशी बांधलेले आहे. 'बेताने' हा शब्द भात कितीही असला तरी तसाच लागू पडतो. तेल भांड्याच्या तळाशी बांधलेले आहे. त्याच घडणीचे, पण निम्म्या उंचीचे व निम्म्या व्यासाचे पातेले घेतल्यास त्यात अष्टमांश तांदूळ मावतात. तळ मात्र चतुर्थांश राहतो. म्हणून तेलही सुमारे चतुर्थांश लागते.

पाण्याचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. लहान पातेल्यातही दोनच बोटे पाणी ठेवले, तर तांदळाच्या मानाने वरचे पाणी दुप्पट होऊन भात गिजगा होईल. एकच बोट ठेवले, तर वाफेचा हिशोब सुटेल. कारण तेवढ्याच वेळात पृष्ठभागावरून उडणाऱ्या पाण्याची खोली दोन्ही पातेल्यांत जवळजवळ सारखीच असते. समजा, दोनपैकी अर्धे बोट पाणी वाफेत गेले. उरलेल्या दीड बोटाचे पाऊण होईल व वाफेचे अर्धे कायम राहील; एकूण सव्वा बोट. शिजण्यास वेळ कमी लागला, तर हा आकडा किंचित उतरेल. अखेरचा निर्णय प्रयोगानेच करावा.

'वाटी'चेही असेच आहे. सर्व जिन्नस वाटीने दिले असतील, तर वाटी हे केवळ गुणोत्तर होय व कोणतीही वाटी चालेल. शेजारी शेर आला, की त्या विशिष्ट वाटीचे आकारमान शोधणे भाग पडते.

म्हणून जुन्या कृतींचे संपादन करताना मूळ शब्द खोडून तेथे मिलिलिटर लिहू नयेत. आकडा एका पातेल्यापुरता खरा ठरतो; 'दोन बोटे' या शब्दांत पातेले, तांदूळ व वाफ यांचा संबंध साठविलेला असतो, आणि शब्द गेले की तो पुन्हा शोधून काढण्याचे साधन उरत नाही.