टीआर-808 : बाद मालाचा नाद

जपानच्या रोलँड कंपनीने 1980 साली आणलेलं टीआर-808 हे तालयंत्र खऱ्या ड्रम्ससारखं वाजत नव्हतं. त्याच सुमाराचं अमेरिकन लिन एलएम-1 खऱ्या ड्रम्सचे ध्वनिमुद्रित ठोके वाजवायचं, पण त्याची किंमत 5,000 डॉलरच्या घरात. 808 बाराशेच्या आत मिळे. त्यात ध्वनिमुद्रण नव्हतंच. प्रत्येक नाद सर्किटमध्ये जन्माला यायचा. विजेचा क्षणिक धक्का बसला की बेस ड्रमचं सर्किट घुमायला लागे आणि एक खुंटी फिरवली की ते घुमणं लांबत जाई. हा खर्ज कानाआधी छातीला जाणवतो.

समोर 16 कळा, चार-चारच्या चार रंगांत. तीनताल मोजणाऱ्याला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही.

808च्या झांजेची चरचर कुठून आली, ते मला फार मोलाचं वाटतं. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले. पुढे कारखान्यांचं काम सुधारलं, तसा बाद माल मिळेना, आणि 1983 मध्ये जेमतेम 12,000 यंत्रांवर उत्पादन थांबलं.

तोवर गायक मार्विन गे यांनी बेल्जियममध्ये ‘सेक्शुअल हीलिंग’ हे गाणं याच यंत्रावर उभं केलं होतं. न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’ या हिप-हॉप गाण्यासाठी तर ते भाड्याने आणलेलं होतं. पुढे जुन्या बाजारात ते स्वस्त झालं आणि ड्रमर परवडत नसलेल्या पोरांच्या हाती पडलं. हिप-हॉपचा खर्ज त्या स्वस्ताईतून आला, असं माझं ठाम मत आहे.

1982 मध्येच मुंबईत, हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी 808च्या ठेक्यावर, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 या सिंथेसायझरांच्या साथीने भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली. ती खपली नाही. 303चा वळवळता सूर शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीतात गाजायला अजून काही वर्षं होती. आपण गायक-संगीतकारांचा इतिहास लिहितो. वादक आणि त्यांची यंत्रं मात्र त्यातून निसटतात, याचं वाईट वाटतं. 2010 मध्ये तबकडी पुन्हा निघाली. सत्तरी ओलांडलेले सिंग मग युरोपात तरुण श्रोत्यांपुढे हेच राग वाजवून आले. 2015 मध्ये ते गेले.