बर्फावरची वाट आणि परतीची वेळ

स्की बांधून बर्फावरून जाणें म्हटलें कीं पर्वताच्या उतारावरून बाणासारखा सुटणारा तरुण आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आज मी ज्या प्रकाराविषयीं बोलणार आहें, तो इतका थरारक नाहीं. सौम्य चढउताराच्या भूमीवरून स्वतःच्या बळानें कोसच्या कोस चालत जाण्याचा हा प्रकार आहे. ‘क्रॉस-कंट्री स्कीइंग’ हें त्याचें नांव. मुलेंबाळें अमेरिकेंत असल्यामुळें आपल्यापैकीं कित्येकांना तिकडचा हिंवाळा पाहण्याचा योग येतो. तेव्हां हा विषय अगदींच परका नव्हे.

उदाहरणादाखल न्यूयॉर्क राज्यांतील साराटोगाचें रणक्षेत्र घेऊं. हडसन नदीच्या पश्चिम तीरावरील या टेकड्यांवर १७७७ सालीं १९ सप्टेंबर व ७ ऑक्टोबर या दोन दिवशीं इंग्रज सेनापति जॉन बर्गॉइन आणि स्वातंत्र्यासाठीं उठलेले अमेरिकन यांच्या लढाया झाल्या. १९३८ सालीं या भूमीला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. एरवीं प्रेक्षकांच्या मोटारी जेथून फिरतात, तो सुमारें १५ किलोमीटरांचा वळसा हिंवाळ्यांत मोटारींना बंद असतो आणि पुरेसें बर्फ पडलें म्हणजे त्यावरून स्कीवाले जातात.

या स्की म्हणजे लांब, अरुंद व हलक्या पट्ट्या. बुटाचें फक्त टोंक पट्टीला जखडलेलें असतें; टांच मोकळी असते, म्हणून चालल्यासारखें पाऊल उचलतां येतें. पट्टीचा मधला भाग किंचित् कमानदार असतो. एका पायावर सगळा भार दिला कीं कमान दबते, तिच्या तळाचें मेण किंवा खवले बर्फाला धरतात आणि पुढें रेटा मिळतो. परंतु ज्या मोकळ्या टांचेमुळें चालणें सोपें होतें, तिच्यामुळेंच उतारावर ताबा ठेवणें अवघड जातें. म्हणून नवशिक्यानें आधीं थांबण्याची कला शिकावी. पट्ट्यांचीं पुढचीं टोंकें जवळ व मागचीं दूर ठेवून, गुडघे वांकवून आंतल्या कडांवर भार दिला कीं वेग मंदावतो. बर्फ गोठून कांचेसारखें झालें असेल, तर सरळ पट्ट्या सोडाव्या आणि वाटेच्या कडेनें जपून पायीं उतरावें. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र पायीं चालतांना स्कीच्या चाकोरीवर पाऊल देऊं नये. पावलाचा खळगा गोठला म्हणजे मागून येणारा त्यांत अडखळून पडतो. तसेंच वाट सोडून भटकूं नये. जुन्या मोर्च्यांच्या खुणा, दगड व ओहोळ बर्फाखालीं झांकलेले असतात.

थंडींत घामाचें भय फार. या श्रमानें अंग तापतें, जाड कोटाच्या आंत घाम सुटतो, आणि थांबतांच ओले कपडे देहाची ऊब ओढून घेतात. सुती कापड ओलें झालें कीं निरुपयोगी; लोंकर ओली असतांहि कांहीं ऊब राखते. म्हणून कपड्यांचे पातळ थर असावे. चढापूर्वीं एक काढावा, विसाव्याला पुन्हां चढवावा. शरीराच्या आंतील उष्णता ३५ अंश सेल्सिअसच्या खालीं गेली म्हणजे कांपरें भरतें, जीभ अडखळते, हात चालेनासे होतात. याहून वाईट म्हणजे विचार करण्याची शक्तीच मंद होते आणि मनुष्य ‘मला कांहीं झालें नाहीं’ असें सांगूं लागतो. यासाठीं एकट्यानें जाऊं नये. सोबत्यानें सोबत्यावर नजर ठेवावी. लक्षणें दिसतांच त्याला आडोशाला न्यावें, कोरड्या कपड्यांत गुंडाळावें व मदत बोलवावी. ऊब यावी म्हणून मद्य देऊं नये. त्यानें कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता अधिकच निघून जाते. नाक, कान, बोटें पांढरीं व बधिर झालीं तर तीं चोळूं नयेत.

आतां मुख्य गोष्ट वेळेची. डिसेंबरअखेर तेथें सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. वळशाच्या वाटेची खोड अशी कीं, निम्म्याच्या पुढें गेल्यावर मागें फिरण्यांत कांहींच लाभ उरत नाहीं. म्हणून निर्णय निम्म्याच्या आधींच व्हावा. हातांतल्या उजेडाचा तिसरा हिस्सा संपला कीं घड्याळ, आभाळ आणि सोबत्यांतला सर्वांत थकलेला मनुष्य या तिहींकडे पाहावें. निघतांना घरीं वाट व परतीची वेळ सांगावी. नकाशा, दिवा, खाऊ व पाणी जवळ असावें. फोन आंतल्या खिशांत ठेवावा, कारण थंडींत त्याची बॅटरी लौकर उतरते.

हाच धडा त्या भूमीच्या इतिहासांतहि आहे. पहिल्या लढाईनंतर बर्गॉइन दक्षिणेकडून येणाऱ्या कुमकेची वाट पाहत दोन आठवड्यांहून अधिक काळ तेथेंच थांबला. शिधा आटत गेला, पण कुमक पोंचली नाहीं. दुसऱ्या लढाईंत हार झाल्यावर तो मागें फिरला, तोंवर परतीची वाट मिटत आली होती. १७ ऑक्टोबरला त्याला शरण जावें लागलें. त्याच्यापुढें साम्राज्याच्या अब्रूचा प्रश्न होता. आपण तर केवळ आनंदासाठीं जातों. मग वेळींच मागें फिरण्याला आपण कां लाजावें?