ग्रंथ मोकळा, नांव राखीव

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड हें संत जनाबाईंचें गांव. त्यांचे अभंग कोणींही गावे, उतरून घ्यावे. त्यास कोणाची आडकाठी नाहीं. परंतु स्वतः रचलेल्या पदाखालीं जनाबाईंची मुद्रा घालण्याचा अधिकार कोणासही पोंचत नाहीं. काव्य सर्वांचें, मुद्रा एकाची, हा भेद आपणांस नवा नाहीं. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां तींत कोणीं आपली ओवी घालूं नये, असें त्यांनीं बजावून ठेविलें.

संगणकाच्या क्षेत्रांतही हाच वाद उद्भवला होता. १९९३ सालीं इयान मर्डॉक यांनीं आरंभिलेली ‘डेबियन’ ही प्रणाली स्वयंसेवक चालवितात. तींतील प्रत्येक वस्तु वापरण्यास, बदलण्यास व वाटण्यास मोकळी असावी, हा त्यांचा दंडक. महाजालावरील पानें दाखविणाऱ्या ‘फायरफॉक्स’ची आज्ञावली मोकळी होती, पण तिचें चित्रचिन्ह तसें नव्हतें, म्हणून डेबियननें चिन्ह गाळून नांव तेवढें ठेविलें. २००६ सालीं नांवाचे धनी मोझिला यांनीं हरकत घेतली : नांव हवें तर चिन्हही घ्यावें, आणि आमच्या संमतीवांचून फेरफार करूं नयेत. डेबियनची मंडळी जुन्या आवृत्तींस सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः जोडीत. प्रत्येक दुरुस्तीस अनुज्ञा मागणें त्यांस मानवेना. त्यांनीं तीच वस्तु ‘आइसवीझल’ या नांवानें वाटली. अग्नीच्या जागीं हिम आलें, आणि कोल्ह्याच्या जागीं मुंगसासारखा एक लहान प्राणी!

यांत दोष कोणाचा? मोझिलाची भीति अनाठायीं नव्हती. नामदेवांच्या गाथेंत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीचीं पदें मिसळलीं. तीं निवडून काढतांना अभ्यासकांस केवढे कष्ट पडले! नांवाचा घोटाळा झाला कीं वाचक फसतो. आपल्याकडील १९९९ चा व्यापारचिन्ह कायदाही अशी फसवणूक टाळण्यासाठींच आहे. उलटपक्षीं, छिद्र बुजविण्यासही परवानगी लागत असेल, तर ‘बदलण्यास मोकळी’ या शब्दांस अर्थ काय उरला?

दहा वर्षांनीं, २०१६ सालीं, हा तंटा मिटला. डेबियनच्या दुरुस्त्यांनीं वस्तूच्या गुणास बाध येत नाहीं, हें मोझिलानें मान्य केलें. मधल्या काळांत चिन्हही मोकळें झालें होतें. जुनें नांव परत आलें.

घरोघरीं संगणक शिकणाऱ्या तरुणांनीं यांतून एवढें ध्यानांत ठेवावें : दुसऱ्याची कृति मोकळेपणानें घ्यावी, सुधारावी; परंतु आपल्या फेरफाराचें उत्तरदायित्व त्याच्या नांवावर लोटूं नये. आणि नांवाच्या धन्यानेंही त्या नांवाचा कुलूपासारखा उपयोग करूं नये.