अम्मींच्या माहेरचं जंगल

माझ्या सासऱ्यांच्या इंतकालाला दीड वर्ष होऊन गेलं होतं. इद्दत संपली, तरी अम्मी कोंढव्यातल्या घराबाहेर फारशा पडत नव्हत्या. नमाज, तस्बीह, खिडकीतली खुर्ची. जेवायला बोलावलं की येत, विचारलं तेवढंच बोलत. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, माणसांत न्या, फिरवा. महाबळेश्वर, कोकण, सगळं सुचवून पाहिलं. त्या मान हलवायच्या.

एके रात्री थोरल्याने भूगोलाच्या पुस्तकातला ताडोबाचा फोटो आजीला दाखवला. अम्मी म्हणाल्या, "हे तर आमच्याकडचं जंगल." त्यांचं माहेर वरोऱ्याचं. भाऊ वारल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, त्या तिकडे गेल्या नव्हत्या. आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि डिसेंबरच्या सुटीत गाडीनेच जायचं ठरवलं.

ताडोबाचं आरक्षण आधी करावं लागतं. ताडोबाच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरायचा, आणि तेच मूळ ओळखपत्र फाटकावर दाखवायचं. अम्मींच्या आधार कार्डावरचं नाव रेशन कार्डापेक्षा वेगळं निघालं. आपल्या घरांत हे नेहमीचंच, म्हणून आरक्षणापूर्वी कागद नीट पाहा. मंगळवारी सफारी बंद असते, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रात प्रवेश नसतो. आपली गाडी फाटकाबाहेरच राहते. आत नोंदणी असलेली उघडी जिप्सी आणि सोबत गाईड.

निघण्याआधी मशिदीतल्या मौलानांना नमाजचे मसले विचारून घेतले. जोहर, असर आणि इशाचे चारऐवजी दोन फर्ज, फजर आणि मगरिब पूर्ण, हे ठाऊक होतं. अम्मींनी पडद्याआडून विचारलं, "वरोरा माझं माहेर. तिथे पूर्ण पढायची की कस्र?" मौलाना म्हणाले, लग्नानंतर तुमचं घर पुण्यात झालं, तिथे पंधरा दिवसांहून कमी राहणार असाल तर कस्रच. घरी येईपर्यंत अम्मी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माहेरीही मी मुसाफिरच."

फजर पढून निघालो. डब्यात पराठे, शामी कबाब, उकडलेली अंडी आणि लसणाची चटणी. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर करत जालन्याजवळ समृद्धी महामार्गाला लागलो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. रस्ता सरळ आणि मोकळा आहे, त्यामुळे डोळा लागण्याचा धोकाही तेवढाच. टायर आणि हवा आधी तपासून घ्या आणि दर दोन तासांनी उतरा. आम्ही नमाजच्या वेळा हेच थांबे ठरवले. चटई, पाण्याची कॅन, दिशा पाहायला होकायंत्र. नमाजही झाली आणि चालकाची पाठही मोकळी झाली. जंगलपट्ट्यात जनावरांसाठी महामार्गाच्या वरून आणि खालून वाटा ठेवलेल्या आहेत, त्या धाकटी मोजत होती.

वर्ध्याला महामार्ग सोडून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला पोहोचेस्तोवर इशाची वेळ झाली. भाच्याने दार उघडलं. अम्मी उंबऱ्यावर थांबल्या, भावाच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, आणि दीड वर्षात पहिल्यांदा सगळ्यांदेखत रडल्या. आम्ही कुणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कब्रस्तानाबाहेरून दुआ करून दुपारी चंद्रपूरमार्गे मोहर्लीला गेलो. मुक्कामी शाकाहारी जेवण सांगितलं. हलालची खात्री नसेल तिथे वरण-भात, वांग्याची भाजी आणि भाकरी यासारखं सोपं काही नाही. हिजाबातल्या तीन पिढ्या पाहून कुणी काय म्हणेल, अशी धाकधूक माझ्या मनात पुण्याहून होती. मालकीणबाईंनी विचारलं ते एवढंच, "आजींना गरम पाणी किती वाजता देऊ?"

पहाटे थंडी बोचरी होती. फजर खोलीतच पढून, स्वेटरवर बुरखा, त्यावर शाल असा थाट करून जिप्सीत बसलो. गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही. थोरल्याचा चेहरा उतरला. आमची गाईड जवळच्याच गावची, तिशीतली बाई होती. खाकी गणवेश, कपाळावर बारीक टिकली, आणि नजर सतत झाडीत.

ती सांगत होती. राज्यातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं, आणि दोन्ही मिळून आज सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला, त्याच्यावरून ताडोबा नाव पडलं, असं इथले लोक मानतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरते. रस्त्याकडेला जुने दगडी खांब दिसले. गोंड राजांच्या काळात दोर आणि घंटा बांधून त्यांवरून निरोप पोहोचवत, असं सांगतात. थोरला हळूच म्हणाला, "तेव्हाचा मोबाईल." तेवढ्यात त्याचा राग गेला.

सांबर दिसले, चितळांचा कळप दिसला, तलावात मगरीची पाठ दिसली. मातीत वाघाच्या पंजाचे ताजे ठसे होते. वानरं ओरडली, गाडी थांबली, आम्ही श्वास रोखून वीस मिनिटं बसलो. वाघ आला नाही.

मग एका वळणावर अम्मी एकदम म्हणाल्या, "हे टेंबरू." गाईडने वळून पाहिलं. "तेंदूच, आजी. तुम्हांले कसं माहीत?" अम्मींचे वडील तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. उन्हाळ्यात फळीवर पुडे मोजायला छोट्या अम्मीही बसायच्या. "एका पुड्यात किती पानं?" गाईडने परीक्षा घेतली. "सत्तर," अम्मी म्हणाल्या. दोघी हसल्या. त्यानंतर ऐन, मोह, अर्जुन, जांभूळ, पांढऱ्या सालीचा कुलू, अम्मी बोटाने दाखवत गेल्या. त्यांच्या तोंडी तिकडची बोली आली, जी आम्ही पुण्यात कधी ऐकली नव्हती.

अम्मींनी विचारलं, "आता पानं तोडायला जाता का?" गाईडचा आवाज खाली आला. तिच्या गावची एक बाई मोहफुलं वेचायला गेली होती. वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो, म्हणतात. ती परत आली नाही. मागे दोन पोरं. "तुमी वाघ पाहाले येता म्हून माही पोरं शाळेत जातेत," ती म्हणाली. "अन् त्याच वाघापायी माही माय सरपणाले एकटी जात नाही. दोन्ही खरंच हाये, आजी."

जिप्सीत कुणी बोललं नाही. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसलेली माझी मुलं खाली बघत होती. अम्मींनी विचारलं, त्या पोरांना कोण सांभाळतं? आजी, गाईड म्हणाली. अम्मींनी तिचा हात हातात घेतला आणि फाटक येईपर्यंत सोडला नाही. उतरताना पराठ्यांचा राहिलेला डबा तिच्या हवाली केला. "पोरांना दे. डबा परत नको."

परतीच्या वाटेवर सूर्य कलताना अम्मी म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना हे दाखवायचं राहिलं. रिटायर झालो की तुझ्या माहेरी निवांत राहू, म्हणायचे." दीड वर्षात अब्बांविषयी त्यांनी आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य. मग कर्जतपर्यंत... नव्हे, अहिल्यानगर येईपर्यंत त्या अब्बांच्याच गोष्टी सांगत होत्या, आणि माझे शौहर गाडी चालवता चालवता डोळे पुसत होते.

बहिणींनो, ताडोबाला जरूर जा. गरम कपडे घ्या, प्लास्टिक आत नेऊ नका, भडक रंग टाळा, आवाज करू नका. शक्यतो सकाळची सफारी घ्या, म्हणजे नमाजची ओढाताण होत नाही. गाडीतून मध्येच उतरता येत नाही, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एक उशी ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, त्यांना काय बघायचंय तिथे, असं म्हणून मागे ठेवू नका.

आमच्या खिडकीतली खुर्ची अजून तिथेच आहे. पण अम्मी आता दुपारी थोरल्याला घेऊन बसतात आणि झाडांची नावं लिहून देतात. उन्हाळ्यात वरोऱ्याला महिनाभर राहायचं म्हणतात. म्हणजे या वेळी माहेरी पूर्ण नमाज, इन्शाअल्लाह.